स्क्रूचा पाव फेरा

पावसाळा सरला, की गोव्यातल्या दुर्बिणी कपाटांतून, खाटांखालून बाहेर येतात. चार महिन्यांच्या दमट हवेने चिपबोर्डाचा पाया फुगलेला असतो. त्यात काळोख शोधत सत्तरीत किंवा चोर्ला घाटात जायचं, म्हणजे खड्डे आलेच. तिथे शनीची कडी पुसट दिसली, की सगळे हवेला बोल लावतात. बऱ्याचदा हलतात ते दुर्बिणीतले आरसे.

न्यूटनने १६६८ मध्ये केलेली रचना अजून तीच आहे. नळीच्या तळाशी खोलगट मुख्य आरसा आणि तोंडापाशी ४५ अंशांत तिरका, सपाट छोटा आरसा, जो प्रकाश बाजूच्या आयपीसकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे वळवतो. आज मुख्य आरसा बहुधा अन्वस्ताकार (पॅराबोलिक) घासतात. तो ताऱ्याचा नेटका ठिपका देतो, पण फक्त आपल्या अक्षावर. अक्ष सुटला की ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटतं. हा दोष म्हणजे कोमा.

२०० मिमी व्यासाचा, १००० मिमी नाभीय अंतराचा, म्हणजे एफ/५ (नाभीय अंतर भागिले व्यास) आरसा घ्या. त्याच्या नाभीपाशी कोमा जाणवू न देणारं वर्तुळ जेमतेम ३ मिमी रुंद असतं. एफ/८ ला तेच ११ मिमीच्या घरात जातं. मुख्य आरशाचा कल बदलणारा मागचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला, की एफ/५ दुर्बिणीचा अक्ष दीडेक मिलिमीटर सरकतो. म्हणजे मध्यापासून चांगल्या वर्तुळाच्या काठाबाहेर! लांबट दुर्बिणीवाले निवांत का असतात, ते यावरून कळावं.

आरशांची जुळवणी छोट्या आरशापासून सुरू करायची, आणि नळी आडवी ठेवून. उभ्या नळीत पाना हातातून निसटला तर थेट मुख्य आरशावर. फोकसरला, म्हणजे आयपीस बसवायच्या नळीला, मधोमध भोक असलेली टोपी लावून तिच्यातून पाहत आधी छोटा आरसा गोल आणि मध्यावर आणायचा, मग मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा त्यात दिसेपर्यंत त्याचा कल बदलायचा. मागचे स्क्रू शेवटी.

इथे नवशिके हमखास फसतात. सगळं जुळलं तरी छोट्या आरशाची काळी छाया मुख्य आरशाच्या दिशेला किंचित सरकलेलीच दिसते. प्रकाशाचा शंकू त्या बाजूला रुंद असतो, त्यामुळे तिरक्या आरशाला मधोमध बसून तो पुरा पकडता येत नाही. छाया मध्यावर आणायचा हट्ट धरलात, तर झालेली जुळवणी मोडते.

जुळवणीसाठी फोकसरमध्ये बसवतात त्या लेझरवरही डोळे झाकून विसंबू नये. तो फोकसरमध्येच गोल फिरवून पाहा. आरशावरचा ठिपका वर्तुळ काढू लागला, तर लेझरच वाकडा आहे.

अखेरचा निवाडा ताऱ्याचा. आरसा बाहेरच्या हवेइतका निवला, की जास्त वर्धनाने तारा मध्यावर धरून फोकस अगदी थोडा बिघडवायचा. ताऱ्याची पसरून झालेली कडी एकात एक, समकेंद्री दिसली पाहिजेत. ध्रुवतारा हलत नाही म्हणून लोक तो सुचवतात, पण गोव्यात तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर, हवेच्या जाड थरातून लुकलुकतो. त्यापेक्षा ऑक्टोबरातल्या संध्याकाळी उंचावर असलेला श्रवण तारा बरा. दर थोड्या वेळाने दुर्बीण सरकवावी लागते, एवढंच.