ऑर्डर देण्याआधी लोक तुमच्याबद्दल काय बघतात: व्हिडिओ करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राम राम.

आमच्या स्टुडिओत एडिटिंगला येणाऱ्यांत लग्नाचं शूटिंग करणारे आहेत, रावेर-यावलकडचे केळीवर व्हिडिओ करणारे शेतकरी आहेत, अहिराणी गाण्यांचे कलाकार आहेत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी, मांडे करून दाखवणाऱ्या ताईही आहेत. कामं वेगवेगळी, पण बहुतेकांची तक्रार एकच: रील चालते, बाजारात लोक ओळखतात, तरी पैशाचं काम येत नाही.

आम्हाला याचं कारण असं दिसतं की रील बघणारा वेगळा आणि काम देणारा वेगळा. बघणाऱ्याला तेवढा वेळ मजा आली की झालं. काम देणारा शहाद्याचा वधूपिता असो, जळगावचा सराफ असो की ठिबकच्या नळ्या विकणारा दुकानदार, त्याचे पैसे लागणार असतात आणि लग्नाची तारीख काही परत येत नाही. फोन लावण्याआधी तो निवांत बसून तुमचं यूट्यूब-इन्स्टाग्रामवरचं पान खालपर्यंत बघतो. तिथे त्याला काय सापडावं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

नाव एकच ठेवा

यूट्यूबवर एक नाव, इन्स्टाग्रामवर दुसरं आणि कार्डवर तिसरं असेल तर शोधणारा मध्येच सोडून देतो. यूट्यूबवर 2022 पासून प्रत्येक चॅनेलचं हँडल, म्हणजे @ पासून सुरू होणारं नाव, वेगळं असतं, एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. तेच नाव इन्स्टाग्रामवर मोकळं आहे का ते आधी बघा, मगच कार्ड छापा. माहितीत तालुक्याचं नाव, कामाचा फोन आणि तुम्ही नक्की काय करता हे एका ओळीत लिहा. ‘सर्व प्रकारचे व्हिडिओ’ असं लिहिलं की कोणालाच आपलं काम त्यात दिसत नाही. ‘चोपडा, लग्न आणि हळदीचं शूटिंग’ असं लिहिलं की दिसतं.

थोडं दाखवा, पण पूर्ण दाखवा

पानावर रीलचा ढीग असतो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेलं एकही काम नसतं, हे आम्ही सारखं बघतो. तीस सेकंदांची रील कोणाचीही छान होऊ शकते. पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये आवाज टिकला का, रंग एकसारखे राहिले का, वऱ्हाडी मंडळींचे चेहरे आले का, मामा-मावशी सुटल्या का, हे कळतं आणि पैसे देणारा तेच शोधत असतो. तीन-चार पूर्ण कामं वर पिन करून ठेवा. जुनी कच्ची कामं काढून टाका, त्यांचा मोह धरू नका.

त्या कामात तुम्ही काय केलं तेही लिहा. दुसरा कॅमेरा तुमचा असेल तर दुसरा कॅमेरा लिहा. ड्रोन दुसऱ्याने उडवला, फिल्मचे रंग दुसऱ्याने जुळवले, तर त्यांची नावं द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून हा धंदा करणारे एकमेकांना ओळखतात. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लावलं की ते सीझन संपायच्या आत बाहेर येतं. आणि ज्याचं नाव तुम्ही दिलं, तोच पुढच्या वेळी त्याला न जमणाऱ्या तारखेचं काम तुमच्याकडे वळवतो.

आवाजाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. चित्र थोडं कमी चाललं तरी लोक बघतात, आवाज खराब असेल तर बंद करतात. शेतात वारा असतो, स्वयंपाकघरात कुकर आणि पंखा असतो. कॅमेरा बदलण्याआधी कॉलरला लावायचा चांगला माईक घ्या.

अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलत असाल तर तसंच बोला. ‘कोठला शे भाऊ?’ असं विचारणारा प्रेक्षक त्या बोलीमुळेच तुमच्याकडे येतो. फक्त खाली मराठी सबटायटल द्या. सुरतेत आणि पुण्यात वाढलेल्या आपल्याच मुलांना बोली कळते, पण भरभर बोललेलं निसटतं. शिवाय जाहिरात देणाऱ्या कंपनीचा माणूस बहुधा बाहेरचा असतो, त्यालाही समजायला हवं.

लग्नाची फिल्म कोणाची?

हा भाग लग्नाचं काम करणाऱ्यांनी नीट वाचावा. पैसे घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून फिल्म केली आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या फिल्मचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो. कॅमेरा तुमचा, मेहनत तुमची, रात्री जागून केलेलं एडिट तुमचं, तरीही. म्हणजे नवरीच्या एंट्रीची रील तुम्ही न विचारता स्वतःच्या पानावर लावली, तर हक्काची बाजू त्यांची भक्कम आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी घरच्यांना न विचारता मुलीचा हळदीतला व्हिडिओ सगळ्या जगाला दाखवणं बरं नव्हे. एका घराचं मन दुखावलं की त्या भावकीतली सगळी लग्नं हातची जातात.

उपाय सोपा आहे. ॲडव्हान्स घेतानाच्या पावतीवर दोन ओळी घाला: कोणता भाग तुम्ही कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता आणि कोणता नाही. सोबत फिल्म किती दिवसांत देणार, किती वेळा बदल करून देणार आणि कच्चं फुटेज किती महिने सांभाळणार, हेही लिहा. या पावतीचा छापील नमुना आमच्याकडे मोफत मिळतो. तो नेऊन वापरू लागलेल्यांचे पैशावरून होणारे वाद कमी झाल्याचं ते स्वतःच सांगतात.

ड्रोनबद्दल थोडक्यात. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैशाच्या कामासाठी उडवायचा तर प्रमाणपत्र लागतं. कुठे उडवता येतो हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. जळगाव विमानतळाच्या आसपास तर आधी बघूनच ऑर्डर घ्या.

गाणी

लग्नाच्या वरातीत, समारंभात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. पण तेच गाणं फिल्मखाली लावून यूट्यूबवर टाकायला ती सूट लागू होत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात.

यूट्यूबवर क्लेम (गाण्याच्या मालकाचा दावा) आणि स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून चॅनेलला मिळणारी ताकीद) या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम आला तर बहुधा त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते, चॅनेलला सहसा धोका नसतो. स्ट्राइक मात्र गंभीर. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं आणि वर्षानुवर्षं जमवलेलं काम त्याबरोबर जातं. म्हणून घरच्यांना द्यायच्या पेनड्राइव्हवरची फिल्म वेगळी आणि यूट्यूबवर टाकायची वेगळी ठेवा. दुसरीत परवाना असलेलं संगीत वापरा, नाहीतर लग्नातले खरे आवाज ठेवा. आयाबायांनी म्हटलेली हळदीची गाणी स्वच्छ रेकॉर्ड करून लावली, तर तुमची फिल्म शेजारच्या दहा फिल्मांपेक्षा वेगळी उठून दिसेल. मात्र त्या बायांना विचारून घ्या.

कोणी बहिणाबाई चौधरींच्या कवितांवर व्हिडिओ करायचं म्हणतं. 1952 साली छापून आलेल्या त्यांच्या कवितांवरची हक्काची मुदत संपली आहे, तेव्हा तुमच्या आवाजात, तुमच्या चालीत खुशाल म्हणा. पण दुसऱ्या कोणी केलेली चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात, ते उचलू नका.

दुकानदाराने पैसे दिले असतील तर तसं सांगा

आमच्या मते ऑनलाइन नाव टिकतं किंवा जातं ते मुख्यतः इथे. शेतकरी तुमचा व्हिडिओ बघून औषध विकत घेतो. त्याच्या बागेचं नुकसान झालं तर तो कंपनीचं नाव विसरेल, तुमचा चेहरा विसरणार नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये व्हिडिओ करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. पैसे, फुकट वस्तू, सूट, प्रवासखर्च यांपैकी काहीही मिळालं असेल तर ते प्रेक्षकाला सहज कळेल असं सांगायचं. नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही, व्हिडिओतच दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगायचं. ‘ही जाहिरात आहे, या कंपनीने मला पैसे दिले आहेत’ एवढं वाक्य पुरतं. यूट्यूबवर अपलोड करताना पेड प्रमोशनची खूणही करा, म्हणजे सुरुवातीला तशी सूचना दिसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू शकतो.

शेतीच्या व्हिडिओत फवारणीचं औषध सांगण्याआधी डब्यावरचं लेबल वाचा. त्यावर त्या पिकाचं नाव आणि प्रमाण दिलेलं असतं. केळीचं नाव नसेल तर केळीसाठी सांगू नका, मग कंपनी कितीही पैसे देवो. रोगाची खात्री नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला सांगा. ‘मला हे माहीत नाही’ असं कॅमेऱ्यासमोर म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, हे आमच्या ग्राहकांच्या चॅनेलवर आम्ही बघितलं आहे.

विकत घेतलेले सबस्क्रायबर

कृपया घेऊ नका. आम्ही ते काम करत नाही आणि करणाऱ्याचा नंबरही देत नाही. हजारो सबस्क्रायबर आणि व्हिडिओखाली चार कॉमेंट, हे आता लहान दुकानदारालाही ओळखता येतं. यूट्यूबच्या नियमांतही ते बसत नाही. जाहिरातीच्या कमाईसाठी 1000 सबस्क्रायबर लागतात, सोबत वर्षभरात 4000 तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. विकत घेतलेली माणसं व्हिडिओ बघत नाहीत, त्यामुळे हे तास भरत नाहीत. आणि सराफाला तुमचे 400 खरे भुसावळकर प्रेक्षक दाखवता आले, तर कुठल्या कुठल्या 40 हजारांपेक्षा त्याला ते मोलाचे आहेत.

आमच्याकडे येताना

पान तपासून घ्यायचं असेल तर तुमची स्वतःला आवडलेली तीन कामं मूळ फाइलसह आणा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको, त्यात दर्जा उतरलेला असतो. चॅनेलचा पासवर्ड आम्हाला देऊ नका. तुम्ही लॉगिन करा, आम्ही शेजारी बसून बघू. पहिली तपासणी मोफत आहे. पुढच्या कामाचा दर आधी कागदावर लिहून देतो. तुळशीच्या लग्नापासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) आमच्याकडे लग्नांच्या फिल्मांची गर्दी असते, तेव्हा या तपासणीसाठी पावसाळ्यात आलात तर तुमच्यासोबत निवांत बसता येईल.