दोन इमारतींमधली वीतभर जागा

19 सप्टेंबर 1985 रोजी सकाळी 7 वाजून 17 मिनिटांनी मेक्सिको सिटी हलू लागली. भूकंपाचे केंद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ होते. मॅग्निट्यूड 8.0 असला तरी एवढ्या वाटेत धक्का बराच विरायला हवा होता, आणि शहराच्या खडकाळ भागात तो विरलाही. पण शहराचा जुना मध्यभाग आटवलेल्या तळ्याच्या गाळावर वसला आहे. त्या मऊ चिकणमातीत कंपने खडकापेक्षा सुमारे पाचपट झाली. जमीन साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा, अशा संथ लयीत डोलत राहिली.

ही लयच घातक ठरली. प्रत्येक इमारतीला स्वतःचा डोलण्याचा ठेका असतो, त्याला दोलनकाल म्हणतात. ढोबळ हिशेब मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग असा. म्हणजे पाच मजल्यांची इमारत अर्ध्या सेकंदात एक हेलकावा पूर्ण करते, पंधरा मजल्यांची दीड सेकंदात. तडे गेले की इमारत सैल होते आणि ठेका आणखी लांबतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलत राहिले की झोका चढत जातो, तसे सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचे झाले. बुटकी घरे तुलनेने वाचली.

आता वेगवेगळ्या ठेक्याच्या दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत असे समजा. कोकणात वारा सुटला की उंच माड सावकाश झुकतो आणि शेजारचा ठेंगणा माड तेवढ्या वेळात दोनदा हलून घेतो. दोघांचा मेळ बसत नाही, मधूनच झावळ्या झावळ्यांवर आपटतात. इमारतींचेही तसेच होते, फक्त इथे आपटते ते शेकडो टन काँक्रीट. अभियंते याला पाउंडिंग म्हणतात. मेक्सिकोत कोसळलेल्या किंवा फार मोडलेल्या 330 इमारतींची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 40 टक्के इमारतींवर शेजारणीशी टक्कर झाल्याच्या खुणा सापडल्या. त्यातल्या किती निव्वळ टकरीमुळे पडल्या, याचा पहिला अंदाज पुढच्या फेरतपासणीत बराच खाली आला. हे सांगितले पाहिजे, कारण प्रत्येक टक्कर जीवघेणी नसते. कोणती टक्कर जीवघेणी ठरते, हे समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

दोन्ही इमारतींचे स्लॅब एकाच पातळीत असतील, तर टक्कर स्लॅबची स्लॅबशी होते. कडा फुटतात, गिलावा पडतो. क्षणभराचा जबर हिसका बसून गच्चीवरच्या टाक्या आणि कठडे निखळू शकतात. पण स्लॅब आडव्या दिशेने भक्कम असतो, तो सहसा निभावून नेतो.

पातळ्या जुळत नसतील तर गोष्ट वेगळी. मग एका इमारतीचा स्लॅब दुसरीच्या खांबावर, दोन मजल्यांच्या मधोमध आपटतो. खांब घडवलेला असतो वरचे ओझे पेलायला. त्याच्या पोटात बसलेला आडवा घाव त्याला कातरून टाकतो, आणि एकदा खांब गेला की वरच्या मजल्यांना आधार उरत नाही. पाउंडिंगचा सगळ्यांत वाईट प्रकार हाच.

उंची फार वेगळी असली तर आणखी एक संकट येते. ऊस गुडघ्यावर टेकवून मोडतात ना, तसे. ठेंगण्या इमारतीची गच्ची गुडघ्याचे काम करते. उंच इमारतीचा खालचा भाग तिथे अडतो, वरचा भाग झुकतच राहतो आणि सारा ताण गच्चीच्या लगतच्या मजल्यावर गोळा होतो. भूकंपानंतर मधलाच एखादा मजला चेपलेला आणि वरखालचे मजले शाबूत, असे दृश्य दिसले तर एक नजर शेजारच्या गच्चीच्या उंचीकडे टाकावी.

रांगेतल्या घरांचे वेगळेच. ग्रीक अभियंते स्टाव्रोस अनाग्नोस्टोपुलोस यांनी 1988 मध्ये गणिताने दाखवले की रांगेतल्या मधल्या इमारती दोन्ही बाजूंनी आवळल्या गेल्याने कमी डोलतात, पण टोकाच्या इमारतीचे डोलणे वाढते. तिला एका बाजूने धक्का बसतो आणि दुसऱ्या बाजूला थोपवायला कोणी नसते. मेक्सिकोत कोपऱ्यावरच्या इमारती फार मोठ्या संख्येने मोडल्या. अर्थात त्यांच्या दोन बाजूंना भरीव भिंती आणि रस्त्याकडच्या दोन बाजू मोकळ्या असल्याने त्या पिळवटल्याही जातात, म्हणून सगळा दोष टकरीला देता येत नाही.

मग किती अंतर ठेवायचे? इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून असलेल्या आयएस 1893 या भारतीय मानकात याचे सूत्र आहे. अभियंता ज्या बलासाठी इमारत आखतो, ते खऱ्या भूकंपातल्या बलापेक्षा मुद्दाम कमी धरलेले असते, कारण लवचीक इमारत वाकून बरीच ऊर्जा जिरवते. म्हणून गणितातून आलेले सरकणे, म्हणजे डोलताना इमारत जागेवरून जेवढी बाजूला जाते ते अंतर, एका गुणकाने वाढवावे लागते. भूकंपासाठी नीट लोखंड बांधलेल्या आरसीसी सांगाड्याला हा गुणक 5 आहे. समजा, बारा मीटर उंचीवर दोन्ही इमारतींचे सरकणे हिशेबात प्रत्येकी 20 मिलिमीटर आले. बेरीज 40, गुणिले 5, म्हणजे 200 मिलिमीटर. जवळजवळ वीतभर. मात्र मजल्यांच्या पातळ्या जुळत असतील तर यातले निम्मे अंतर चालते. खांबावर बसणाऱ्या घावाची भीती त्या एका सवलतीतून बोलते.

आपल्याकडे मुंबईत जुन्या चाळींच्या मागे हाऊस गल्ली असते, नव्या इमारतींना नियमाचे सामासिक अंतर, म्हणजे भोवती सोडलेली मोकळी जागा, असते. तिथे टकरीची काळजी फारशी नाही. काळजी आहे ती पेठांत आणि गावठाणांत, जिथे घराला घर लागून उभे आहे, आणि एकाच सोसायटीच्या दोन विंगमधल्या सांध्यात. तो सांधा मोकळा असायला हवा. प्रत्यक्षात बांधकामाच्या वेळचे विटांचे तुकडे, सांडलेला माल आणि न काढलेल्या फळ्या आत तशाच राहतात. नकाशात फट असते, जागेवर ती भरलेली असते. पावसाचे पाणी मुरते म्हणून वरून कोणी सिमेंटनेही लिंपून टाकतो. गळती थांबवायची तर दबणारे रबर किंवा सरकू शकणारा पत्रा लावावा, सिमेंट नको.

आणि अशा खेटून उभ्या घरांच्या पुनर्विकासात एक नवी अडचण तयार होते आहे. जुन्या इमारतीचा पहिला स्लॅब जोत्यापासून दहा फुटांवर असतो. शेजारी नवी उभी राहते ती स्टिल्ट पार्किंगवर, कधी यांत्रिक पार्किंगसाठी अधिक उंच ठेवलेल्या तळमजल्यावर. तिथून पुढे प्रत्येक मजल्यावर दोघींच्या स्लॅबची पातळी चुकते. म्हणजे जिथे सूत्राप्रमाणे निम्मे अंतर पुरले असते, तिथे आता पूर्ण अंतर लागते. अंतर कमीच असेल, तर टोकाला भरीव काँक्रीटच्या भिंती घालून धक्का खांबांपासून दूर ठेवता येतो किंवा इमारत ताठ करून तिचे सरकणे घटवता येते. पण त्यासाठी आधी शेजारच्या इमारतीची मापे घ्यावी लागतात. नव्या इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशात शेजारणीचे स्लॅबही ठिपक्यांच्या रेषांनी दाखवून द्या, असे सोसायटीने आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया खणण्याआधीच सांगावे.