अणुस्फोटाची झळ मोजायची कशी?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या शेडमध्ये भट्टीचं झाकण उघडलं, की समोर उभ्या माणसाच्या तोंडावर झळ तत्क्षणी बसते. मधली हवा तापायची वाट ती बघत नाही, कारण ही प्रारणाची उष्णता. हवेत फुटलेल्या अणुबॉम्बच्या ऊर्जेपैकी सुमारे ३५ टक्के अशीच बाहेर पडते. धक्क्याची लाट पाच किलोमीटरवर पोचायला दहा-पंधरा सेकंद लागतात; तोवर लहान बॉम्बची झळ मोजून झालेली असते.

मोजायचं साधन फारच साधं: काजळी चढवलेली तांब्याची चकती, तिच्या पाठीला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीवर दर चौरस सेंटिमीटरला एक कॅलरी पडली, की तिचं तापमान सुमारे १२ अंशांनी चढतं. मार्चमधल्या बेळगावच्या भर दुपारच्या उन्हात एवढी उष्णता जमायला पाऊण मिनिट लागेल. अडचण वाऱ्याची, तो चकती गार करत राहतो. म्हणून पुढे क्वार्ट्‌झची खिडकी बसवतात. साधी काच चालत नाही, ती अतिनील आणि बरंचसं अवरक्त प्रारण गिळते. क्वार्ट्‌झही सुमारे आठ टक्के प्रकाश परतवतोच, तेवढा हिशेबात धरायचा.

चकतीला एकूण उष्णता कळते, झळेचा चढउतार नाही. खरी गंमत तर त्यातच आहे. स्फोटाचा प्रकाश दोनदा उजळतो. सुरुवातीला धक्क्याच्या लाटेने तापलेली हवा चमकते, पण तीच आतल्या गोळ्याला झाकते. ती निवून पारदर्शक झाली, की आतला गोळा पुन्हा झळाळतो. २० किलोटनांच्या, म्हणजे २० हजार टन टीएनटीएवढ्या, स्फोटात हा दुसरा कळस सुमारे ०.१५ सेकंदाला येतो, एक मेगाटनला जवळपास सेकंदभराने. म्हणजे नुसत्या वेळेवरून बॉम्बचा आकार ताडता येतो! हे काम प्रकाश टिपणारा भांगमीटर करतो.

हवेतल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर बहुतेक देशांच्या चाचण्या जमिनीखाली गेल्या. पोखरणच्या दोन्ही वेळच्याही तशाच, त्यामुळे टिपायला झळच नाही. मग झळेची चाचणी कशावर घ्यायची? अमेरिकेत व्हाइट सँड्‌सला आरशांनी ऊन एकवटणारी सौरभट्टी त्यासाठी वापरली गेली. उपग्रहावरच्या भांगमीटरला वळवाच्या विजाही दिसतात, त्या वगळायला ही दुहेरी चमकच कामी येते. २२ सप्टेंबर १९७९ ला अमेरिकेच्या व्हेला उपग्रहाने दक्षिणेकडच्या समुद्रावर अशी दुहेरी चमक टिपली. त्यावरच्या दोन भांगमीटरांच्या नोंदी मात्र एकमेकींशी नीट जुळल्या नाहीत, आणि ती चमक अणुस्फोटाची होती की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.