सहावा लागला की सहा सरले? बाळाच्या पहिल्या घासामागचा हिशेब

उकडलेल्या गाजराची फोड बाळाच्या मुठीत देऊन त्याला स्वतःहून खाऊ द्यायचं, की मांडीवर घेऊन गुरगुट्या भात भरवायचा, हा वाद गेल्या दहाएक वर्षांत मराठी घरांत शिरला. एका बाजूला मोबाइलवर वाचून तयार झालेली आई, दुसऱ्या बाजूला चार पोरं भरवून मोठी केलेली आजी. वरवर पाहता भांडण 'कसं' खाऊ घालायचं याचं आहे. पण त्याचा उगम 'कधी' सुरू करायचं या जुन्या वादात आहे, आणि तो वाद एका आकड्यावरून झाला होता.

जुन्या ग्रंथांचा भाग थोडक्यात सांगता येतो. गृह्यसूत्रं आणि स्मृती अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगतात. सुश्रुतसंहिताही सहाव्या महिन्यातच हलकं आणि हितकर अन्न द्यायला सांगते. आयुर्वेदातल्या बालरोगांवरच्या एका संहितेत सहाव्या महिन्यात फळं आणि धान्य त्यानंतर काही महिन्यांनी, असा वेगळा क्रम आहे. म्हणजे परंपरा एकमुखी होती असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडे या संस्काराला उष्टावण म्हणतात, कारण बाळाचं तोंड पहिल्यांदा उष्टं होतं. चांदीची वाटी, खीर, मामा किंवा आजोबांच्या हातचा पहिला घास, हे वाचकांना सांगायला नको.

गोम 'सहाव्या महिन्यात' या शब्दांत आहे. मराठीत सहावा महिना 'लागतो' तेव्हा बाळाचे पाचच महिने पूर्ण झालेले असतात. संस्कृतातल्या 'षष्ठे मासि'चाही सरळ अर्थ तोच, चालू सहावा महिना. सरकारी भिंतीवर मात्र लिहिलेलं असतं 'सहा महिने पूर्ण झाल्यावर', म्हणजे सातवा लागल्यावर. दोन्हींत तीस दिवसांचं अंतर आहे. आजी म्हणते, शास्त्रात सहावा सांगितलाय. आशाताई म्हणते, आम्हालाही सहाच शिकवलेत. दोघी एकच आकडा सांगतात आणि दोघींच्या तारखा मात्र जुळत नाहीत. त्यात मुलाची उष्टावण सम महिन्यात आणि मुलीची विषम महिन्यात करायची रीत. मुलाला सहावा किंवा आठवा, मुलीला पाचवा किंवा सातवा. पाचवा धरला तर मुलीचे चारच महिने भरलेले असतात, सातवा धरला तर सरकारी हिशेब आपोआप जुळतो. त्यामुळे प्रशिक्षणांत 'सहा महिने' म्हणण्याऐवजी '१८० दिवस' म्हणायला सुरुवात झाली. ज्यांनी हा बदल सुचवला त्यांना गावातली महिने मोजायची रीत ठाऊक असणार.

'वरचं' हा शब्दही असाच निसरडा. वरचं दूध म्हणजे गाईचं, म्हशीचं किंवा डब्याचं, आणि वरचं खाणं म्हणजे पेज, भात, भाकरी. तपासणीला आलेल्या आईला 'वरचं काही देता का?' असं विचारलं की ती 'नाही' म्हणते, कारण तिच्या मनात दूध असतं. विचारणारीला खाण्याबद्दल हवं असतं. मग 'पूरक आहार' हा शब्द आला. पण अंगणवाडीत मिळणाऱ्या शिध्यालाही 'पूरक पोषण आहार'च म्हणतात. एक आईच्या दुधाला पूरक, दुसरा घरच्या जेवणाला पूरक. कागदोपत्री या दोन्हींची सरमिसळ आजही होते, आणि अंगणवाडीतून पाकीट मिळालं म्हणजे बाळाचं वरचं खाणं सुरू झालं, असा समज त्यातूनच होतो.

घरात काय शिजत होतं? तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरडून केलेलं खिमट. कोकणात पेज, आटवल. घाटावर ज्वारीच्या कण्या, नाचणीचा घाटा. तान्ह्यासाठी आधी बोंडलं, मग वाटी-चमचा, आणि सगळ्यात जास्त आईची बोटं. हे सगळं मऊ असायचं, कारण दात नव्हते आणि कुटुंबाच्याच चुलीवरून ते वेगळं काढायचं होतं. दात येताना हातात खारीक किंवा भाकरीची कोर दिली जायची, पण ते चघळणं होतं. त्याला कोणी जेवण म्हणत नव्हतं. आजकाल 'आपल्याकडे हे पूर्वापार होतंच' असं सांगताना या खारकेचा दाखला दिला जातो, तो मला ओढूनताणून वाटतो.

डब्यातला शिशुआहार आपल्याकडे रुजला तो स्वातंत्र्यानंतर. १९५०च्या दशकात म्हैसूरच्या अन्नतंत्र प्रयोगशाळेत म्हशीच्या दुधापासून बाळांचं दूध बनवण्याचं तंत्र बसवलं गेलं आणि गुजरातेतल्या सहकारी डेअरीने ते बाजारात आणलं. धान्याच्या पावडरींचे डबे शहरी मध्यमवर्गात प्रतिष्ठेचे झाले. जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ हा निरोगी बाळाचा मापदंड ठरला. अमेरिकेत त्याआधीच, १९२८च्या सुमारास, गाळलेल्या भाज्यांचे डबे विकायला आले होते आणि १९५०च्या दशकात तिथले काही डॉक्टर काही आठवड्यांच्या बाळालाही ते चाटवायला सांगत होते. इतक्या लहान बाळाला मान सावरता येत नाही, हाताने काही धरणं तर दूरच. त्याला द्यायचं तर पातळ, गाळलेलं आणि चमच्यानेच द्यावं लागतं. म्हणजे चमच्याने भरवायची प्युरी ही लवकर सुरू करण्याच्या सल्ल्यातून जन्मली. हा धागा पुढे लागणार आहे.

१९७०च्या दशकात गरीब देशांत डब्याच्या दुधामुळे बाळं दगावतात, हा आरोप युरोपात गाजला. १९७७ला अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर झाली. मतदान ११८ विरुद्ध १ असं झालं, आणि विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं होतं. भारताने त्याच धर्तीवर १९९२ला कायदा केला आणि तो ऑगस्ट १९९३पासून लागू झाला. शिशुदूध, बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिराती, मोफत नमुने, दवाखान्यांतून प्रचार, सगळ्याला त्यात चाप बसवला गेला.

पण या कायद्यात 'शिशुआहार' म्हणजे काय, याची व्याख्या करताना लिहिलं गेलं, चार महिन्यांच्या वयानंतर आईच्या दुधाला जोड म्हणून दिलं जाणारं अन्न. चार! त्या वेळचा जागतिक सल्ला 'चार ते सहा महिने' असा होता, त्यातली खालची कड कायद्यात उतरली. डब्यांवर चार महिने छापायला कंपन्यांना आयतं कारण मिळालं. घराघरांत 'डब्यावरच लिहिलंय' हा पुरावा झाला.

ती कड कशी हलली, हे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'चार ते सहा'च्या बाजूचा युक्तिवाद असा की चौथ्या महिन्यानंतर काही बाळांची वाढ मंदावते, आईचं दूध पुरत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, गरीब वस्तीत पाण्यात कालवलेलं पहिलं अन्न म्हणजे पहिली हगवण. लवकर दिलं तर जंतू, उशिरा दिलं तर उपासमार, असा हा पेच होता. त्याच सभेच्या १९९४च्या ठरावात 'सुमारे सहा महिने' असे शब्द आले, तरी 'चार ते सहा'वाली पत्रकं छापली जातच होती. २०००-०१मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला. त्यात होंडुरासमधल्या दोन चाचण्या आणि बेलारूसमधली मोठी पाहणी महत्त्वाची ठरली. सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या वाढीत तूट दिसली नाही, पोटाचे आजार कमी दिसले. कमी वजनाच्या बाळांच्या लोहाबद्दल शंका मात्र नोंदवली गेली. मे २००१मध्ये ठराव झाला, सहा महिने फक्त आईचं दूध. भारताने २००३ला कायद्यात दुरुस्ती करून चारच्या जागी सहा घातले.

सगळ्यांनी ते मान्य केलं असं नाही. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांचा सल्ला १७ आठवड्यांच्या आधी नको आणि २६ आठवड्यांच्या नंतर नको, असाच राहिला. २०११ला ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या सल्ल्यावर उघड शंका घेतली गेली. २०१५ला शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरचा अभ्यास आला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यावर पुढे ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. तिथे वाद अजून चालू आहे. आपल्याकडच्या पाण्याचा आणि हगवणीचा विचार केला तर सहाचा निर्णय बरोबर होता, असं मला वाटतं. पण कामावर जाणाऱ्या आईला हा सल्ला परवडेल अशी सोय उशिरा झाली. १९६१च्या कायद्यातली बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. ती २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, व्हायला २०१७ उजाडलं. शेतमजूर बाईला तीही नाही.

आता तो धागा. सुरुवात सहा महिन्यांवर गेली आणि एक प्रश्न आपोआप उभा राहिला. सहा महिने पूर्ण झालेलं बाळ आधाराने बसतं, दिसेल ते पकडतं, पकडलेलं तोंडात घालतं. मग त्याला प्युरी कशाला? ब्रिटनमध्ये घरोघर जाऊन बाळं तपासणाऱ्या एका आरोग्यसेविकेने २०००नंतरच्या दशकात हाच मुद्दा मांडला, आणि बाळाच्या कलाने, बाळाच्या हाताने खाण्याच्या पद्धतीला नाव मिळालं. 'बेबी-लेड वीनिंग' हे ते नाव, आपल्याकडच्या आयांच्या गटांत ती 'बीएलडब्ल्यू' या आद्याक्षरांनीच आली. मराठी नाव अजून रुळलेलं नाही. फोड बोटाएवढी लांब का, याचं उत्तर साधं आहे. या वयात चिमूट जमत नाही, सगळी मूठ वळते. फोड मुठीबाहेर डोकावली तरच तोंडात जाते.

बाळाला निवडू द्यायची कल्पना मात्र याहून जुनी. १९२०च्या दशकात अमेरिकेत एका डॉक्टर बाईंनी नुकतंच दूध सुटलेल्या १५ बाळांपुढे ३४ साधे पदार्थ ठेवले आणि दायांना बजावलं, मागितल्याशिवाय भरवायचं नाही. बाळांनी विचित्र मिश्रणं खाल्ली, पण ती नीट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने बरं होईपर्यंत माशाचं तेल आपणहून घेतलं. १९३९ला निष्कर्ष मांडताना बाईंनीच सांगून टाकलं की खरी खुबी पदार्थांच्या यादीत होती, त्यात साखर आणि प्रक्रिया केलेलं काहीच नव्हतं. ही कबुली या प्रयोगाचे दाखले देणारे सहसा वगळतात.

घशात अडकण्याच्या भीतीवर न्यूझीलंडमध्ये २०६ कुटुंबांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६-१७मध्ये आले. स्वतः खाणाऱ्या आणि भरवलेल्या बाळांत घास अडकण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पण त्या कुटुंबांना आधी शिकवलं होतं. काय द्यायचं नाही हे सांगितलं होतं, आणि प्रत्येक जेवणात लोहयुक्त एक व ऊर्जा देणारा एक पदार्थ हवाच, अशी अट होती. आपल्याकडे ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी असल्याचं २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. गाजर-काकडीच्या फोडींचे फोटो छान येतात, लोह त्यात फारसं नसतं. अंडं, डाळीचं मऊ धिरडं, मऊ शिजवलेली मासळी हे त्याच ताटात बसतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं मात्र हातात द्यायची नाहीत, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

घरच्या खाण्याच्या बाजूनेही एक झाडाझडती झाली, आणि तिचा फटका वरणाच्या पाण्याला बसला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी हव्या असतात, नऊ ते अकरा महिन्यांना ३००, वर्षानंतर ५५०. पोट जेमतेम वाटीभर. ती वाटी पाण्याने भरली तर खायला जागाच उरत नाही. म्हणून चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं दाट, हा निकष आला. पण दाट केलं की बाळाला गिळता येत नाही. यावर १९८०च्या दशकात बडोद्याच्या गृहविज्ञान विभागात काम झालं ते मोड आणलेल्या धान्यावर. मोड आले की धान्यात पिष्ट तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं, आणि तसं चिमूटभर पीठ घट्ट लापशीत टाकलं की ती सैल होते, पाणी न वाढवता. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवणाऱ्या आज्यांना हे ठाऊक होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच. सावध राहायचं ते 'सत्त्व' या शब्दाबद्दल. काही घरी सत्त्व म्हणजे हे मोडाचं पीठ, काही घरी भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेला निव्वळ साका वाळवलेला. दुसऱ्यात नाचणीचा कोंडा जातो आणि त्याबरोबर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेल्या कॅल्शियममधला बराच भागही.

अंगणवाडीची गोष्ट याला समांतर. १९७५ला सुरू झालेल्या या योजनेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा शिधा आला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४मध्ये ठेकेदार नकोत, गावातली मंडळं आणि बचत गट हवेत, असा आदेश दिला. तरी महाराष्ट्रात शिरा, उपमा, सुकडीच्या तयार पाकिटांच्या निविदा निघाल्या, खटले झाले, आणि २०१६ची निविदा २०१९मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. पाकीट घरी आलं की ते बाळच खातं असंही नाही. घरात तीन पोरं असली की तिघं खातात.

सगळ्या वादात लवकर सुरू करण्याच्या धोक्याचा गाजावाजा झाला, उशिराचा तेवढा नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या निम्म्याहून कमी बाळांना दुधाबरोबर काही घन किंवा मऊ अन्न मिळत होतं. पुरेसा आणि वैविध्याचा आहार ६ ते २३ महिन्यांतल्या जेमतेम ११ टक्क्यांना. २०२४च्या एप्रिलमध्ये एका स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या धान्याच्या शिशुआहारात एका मात्रेमागे सरासरी अडीच-तीन ग्रॅम साखर घातलेली असल्याचं मांडलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. निम्म्या बाळांच्या रिकाम्या वाटीवरून तसा कधी झाला नाही.

उष्टावणीच्या तारखेची अडचण बऱ्याच घरांनी आपापली सोडवली आहे. १८१व्या दिवशी मऊ भात सुरू होतो, आणि खीर, चांदीची वाटी, मामा वगैरे सोहळा सुट्टी आणि मुहूर्त जमेल त्या रविवारी. तोवर बाळाचं तोंड महिनाभर उष्टं झालेलं असतं.