आरोग्य साक्षरता : कोल्हापूर परिसर

आरोग्यविषयक माहिती मिळवणे, ती समजून घेणे, तिचा खरेखोटेपणा पारखणे आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या व गावाच्या आरोग्याबाबत निर्णय घेताना ती वापरणे, यांसाठी लागणारी क्षमता म्हणजे आरोग्य साक्षरता. अक्षरओळख ही तिची एक पायरी आहे. पण लिहितावाचता येणारा माणूस आरोग्यसाक्षर असतोच असे नाही. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे 81.5 टक्के होते. त्याच जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 863 मुली नोंदल्या गेल्या. 2001 मध्ये ही संख्या 839 होती. हातात पैसा आणि जवळ दवाखाने असलेल्या, शिकलेल्या जिल्ह्यात सोनोग्राफीची माहिती कशासाठी वापरली गेली, ते या आकड्यांवरून कळते. प्रस्तुत नोंदीत माहितीपेक्षा पारखीला अधिक जागा दिली आहे, ती यामुळेच.

संकल्पनेचा उगम : ही संज्ञा प्रथम अमेरिकेतील स्कॉट सायमंड्स यांनी 1974 मध्ये वापरली असे सामान्यतः मानले जाते. प्रत्येक शालेय इयत्तेसाठी आरोग्य साक्षरतेची किमान पातळी ठरवावी, अशी त्यांची सूचना होती. म्हणजे संकल्पना जन्मली ती शाळेच्या संदर्भात. पुढची दोनेक दशके ती मागे पडली आणि 1990 च्या दशकात रुग्णालयांतून पुन्हा वर आली. तेव्हा मात्र प्रश्न बराच अरुंद झाला होता : रुग्णाला औषधाच्या डबीवरचा मजकूर वाचता येतो का? या दुहेरी वंशावळीमुळे आजही अभ्यासकांचे दोन गट दिसतात. एक गट आरोग्य साक्षरतेकडे रुग्णातील उणीव म्हणून पाहतो, तर दुसरा तिला शिक्षणातून वाढवण्याजोगी सामाजिक ठेव मानतो. ऑस्ट्रेलियातील डॉन नटबीम यांनी 2000 मध्ये तिच्या कार्यात्मक, संवादात्मक आणि चिकित्सक अशा तीन पातळ्या मांडल्या. ही विभागणी दुसऱ्या गटाला सोयीची ठरली. 2012 मध्ये युरोपीय संशोधकांनी तोवरच्या व्याख्या एकत्र करून मिळवणे, समजणे, पारखणे व वापरणे ही चौकट दिली. नोंदीच्या आरंभीची व्याख्या तिलाच धरून आहे.

जुन्याच आरोग्यशिक्षणाला दिलेले हे नवे नाव, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. भारतापुरता तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात लोकांच्या आरोग्यशिक्षणावर भर दिला होता आणि 1956 मध्ये केंद्रीय आरोग्य शिक्षण कार्यालय स्थापन झाले. तरीही एक फरक उरतो. आरोग्यशिक्षणात सांगणारा काय सांगतो ते मोजले जाते, साक्षरतेत ऐकणाऱ्याला पुढे काय करता येते ते. अमेरिकेच्या 2030 पर्यंतच्या आरोग्य उद्दिष्टांत तर व्यक्तीची आणि संस्थेची अशा दोन स्वतंत्र आरोग्य साक्षरता मानल्या आहेत. माहिती सापडणे व वापरणे लोकांना कितपत सोपे करून दिले, यावर संस्थेचीही परीक्षा होते. कोल्हापूरच्या अनुभवाला हा दुसरा भाग अधिक लागू पडतो.

मापन : प्रारंभीच्या चाचण्या इंग्रजीसाठी तयार झाल्या आणि इथेच मराठीची अडचण सुरू होते. ‘रिअल्म’ या चाचणीत रुग्णाकडून 66 वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचून घेतात. उच्चार बरोबर आला तर शब्द परिचयाचा आहे असे धरतात. इंग्रजी वर्णलेखन अनियमित असल्याने तिथे हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. देवनागरीत मात्र चौथीतले मूलही ‘मूत्रपिंड’ किंवा ‘रक्तद्रव’ बिनचूक वाचेल, अर्थ ठाऊक असो वा नसो. स्पॅनिशमध्ये हीच अडचण आल्यावर 2006 मध्ये वाचनाला आकलनाची जोड देणारी 50 शब्दांची वेगळी चाचणी करावी लागली. मराठीसाठीही तोच मार्ग सयुक्तिक दिसतो. ‘टोफ्ला’ या 1995 च्या चाचणीत उताऱ्यातील गाळलेल्या जागा आणि आकडेमोड आहे. पण तिला वीसेक मिनिटे लागतात, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत एवढा वेळ कुणी देत नाही. 2005 ची ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ ही चाचणी आइसक्रीमच्या डब्यावरील पोषणतक्त्यावर सहा प्रश्न विचारते. आपल्याकडे त्या जागी जलसंजीवनीची (जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या क्षार-साखरेची, म्हणजे ओआरएसची) पुडी घ्यावी असे सुचवावेसे वाटते.

ही पुडी जवळून पाहण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रानुसार एका पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट व 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, असे एकूण 20.5 ग्रॅम मिश्रण असते आणि ते एक लिटर पाण्यासाठी असते. औषधाच्या दुकानात 200 मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. मोठी पुडी पेल्यात कालवली तर क्षार घातक प्रमाणात वाढतात. छोटी पुडी तांब्याभर पाण्यात गेली तर उपयोग राहत नाही. मूल एका वेळी एवढे पिणार नाही म्हणून अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, हा अंदाज तर घरोघरी चालतो. शिवाय जुलाब लागलेल्या मुलाला जस्ताची गोळी 14 दिवस द्यायची असते, ती जुलाब थांबताच बंद होते. ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवणारी गोड पेयेही बरीच वर्षे शेजारीच मांडलेली असत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये त्या नावाला मनाई केली. पुडी, तांब्या आणि लेबल एवढ्या साहित्यावर सातवीच्या वर्गात एक तास सहज जातो.

पूर्वपीठिका : संस्थानकाळातील सार्वजनिक आरोग्याचा विचार शाहू महाराजांच्या (1874–1922) कारकिर्दीपासून करण्याची प्रथा आहे. 1896 च्या सुमाराचा दुष्काळ आणि त्यामागून आलेली प्लेगची साथ यांनी दरबाराला आरोग्याच्या कामात ओढले. वस्ती हलवून लोकांना गावाबाहेर छावण्यांत ठेवणे हा तेव्हाचा मुख्य उपाय होता, आणि दख्खनभर त्याला विरोधही झाला. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणारे लेखन आढळते, ते जपून वाचावे. शिक्षणसक्तीचा हेतू प्रामुख्याने सामाजिक विषमता मोडण्याचा होता. सीपीआर या नावाने सर्वश्रुत असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय संस्थानकालीनच आहे. त्याला संलग्न राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडचे, 2000 च्या सुमाराचे.

पाणी व कावीळ : जिल्ह्यातील आरोग्य साक्षरतेची खरी कसोटी पंचगंगेच्या पाण्यावर लागली. 1981 च्या उन्हाळ्यात कोल्हापूर शहरात पाण्यातून कावीळीची मोठी साथ आली. रक्ततपासणीवरून ती बहुतांशी ‘अ’ही नाही आणि ‘ब’ही नाही अशा विषाणूची ठरली, त्या प्रकाराला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले. 2012 मध्ये इचलकरंजीत ‘ई’ कावीळीनेच बळी घेतले. हा आजार बहुतेकांना आपोआप सोडून जातो. त्यामुळे नाकात पिळलेला पाला, गळ्यातली माळ, पिवळे पदार्थ वर्ज्य करणे, या सगळ्यांच्या पदरी यशाचे श्रेय पडते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र तो प्राणघातक ठरू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट उताऱ्याच्या नादात मागे राहते.

पाण्याबाबत सूचना देण्यात शासन कमी पडले असे म्हणता येत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची) पावडर टाकतो आणि अर्ध्या तासानंतर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी) करतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर स्रोतांचे सर्वेक्षण होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. कार्डाचा रंग ग्रामपंचायतीत विचारला तर कळतो. घराघरांत तो ठाऊक असतोच असे नाही. याउलट जुलै लागला की पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी शाळकरी पोरापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाला फूट-इंचात तोंडपाठ असते. 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका, आणि त्यापुढे कोणत्या फुटाला कोणता रस्ता बंद होतो व चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे कधी सोडायची, हा हिशेब कुणी शिकवलेला नाही. 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेले, 2021 मध्ये 56 फूट 3 इंचांवर. हे आकडे आजही गप्पांत येतात. पातळी रोज, ठरल्या वेळी, एकाच मापात जाहीर होते म्हणून हे घडले. उरलेल्या क्लोरीनचा आकडा तसा चावडीवर लिहिला जात नाही.

पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा आजार) टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते. ते गरोदर स्त्रिया व लहान मुलांना चालत नाही, आणि पायाला जखम असताना चिखलात काम करणाऱ्याला ते सर्वांत गरजेचे असते. गोळ्यांसोबत ही दोन वाक्ये पोहोचणे महत्त्वाचे.

शाळा : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013) फिरते पथक अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करते. जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. पोटात जंत जास्त असलेल्या मुलाला मळमळ होऊ शकते, ही गोष्ट पालकांना आधी सांगितली नाही तर दुपारपर्यंत गावभर विषबाधेची हूल उठते. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी व्हॉट्सॲपने हेच काम अधिक वेगाने केले. 2020 पासूनच्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक आरोग्यदूत असावेत आणि 11 विषय शिकवावेत अशी रचना आहे. क्रमिक पुस्तकांतही आठवीला ‘आरोग्य व रोग’, दहावीला ‘सामाजिक आरोग्य’ ही प्रकरणे आहेत. नववी-दहावीच्या ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ विषयाला मात्र गुण नव्हे तर श्रेणी असते. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताकडे जातो.

वर्गात घेण्याजोगे स्थानिक विषय थोडे नाहीत. कोल्हापुरी गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेह्याला चालतो हा समज त्यांतला पहिला. गुळात बहुतांश साखरच असते आणि रक्तातील साखर तो वाढवतोच. मिश्री म्हणजे दात घासण्याची पूड नव्हे तर भाजलेली तंबाखू, हे मुलांना घरातील आजीमुळे चटकन कळते. प्रतिजैविकांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ (चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण) मात्र मोठ्यांनाही दाखवावी लागते.

समुदाय : आशा व अंगणवाडी सेविका, गावोगावच्या दूध संस्था आणि शहरातील तालीम मंडळे ही इथली माहितीची रुळलेली ठिकाणे. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ गर्दी जमते आणि फॅटचा आकडा न समजणारा सभासद सापडत नाही. रक्तदाबाच्या आकड्याचे तसे नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड व आसपासच्या भागांतून येणारी कुटुंबे या जाळ्याबाहेर राहतात. माता व बाल संरक्षण कार्ड गावी राहिले तर पुढची तपासणी कोऱ्या कार्डावर सुरू होते. यू-विन या डिजिटल नोंदीमुळे लसीकरण मोबाइल क्रमांकावरून दुसऱ्या जिल्ह्यातही पाहता येते; पण त्यासाठी क्रमांक चालू असावा लागतो, आणि कोयत्यामागे (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे) एकच फोन असेल तर तो बहुधा मुकादमाशी बोलणाऱ्या नवऱ्याच्या खिशात असतो.