आपबीती कुणाच्या हाती: सशस्त्र हिंसेतून वाचलेली माणसे आणि कॅमेरा

सशस्त्र हिंसेतून वाचलेल्या माणसांसोबत काम करणाऱ्या संस्थांकडे आज कॅमेऱ्याबद्दल बरेच नियम असतात. संमती एकदाच नको, टप्प्याटप्प्याने घ्या. छायाचित्राखालचा मजकूर वाचून दाखवा. फाइलमधली ठिकाणाची नोंद पुसा. घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत कुणाला आपबीती सांगायला लावू नका. नवख्या कार्यकर्त्याला हा कागदी जाच वाटतो. पण यातले बहुतेक नियम कुणाच्या ना कुणाच्या नुकसानीतून आले आहेत. ती नुकसानी माहीत नसेल तर नियम पाळूनही तीच चूक पुन्हा होते.

युद्धाचा कॅमेरा आधी जेत्यांच्या बाजूने उभा होता. छायाचित्रकार फेलिचे बेआतो याने १८५८ मध्ये लखनऊच्या सिकंदरबागेचे छायाचित्र काढले, तेव्हा १८५७ च्या उठावातली तिथली लढाई होऊन काही महिने लोटले होते. मेलेल्या बंडखोर शिपायांची हाडे छायाचित्रासाठी अंगणात पसरली गेली. पीडितांच्या बाजूने कॅमेरा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो काँगोत. १९०४ मध्ये बारिंगा इथल्या मिशनमध्ये अ‍ॅलिस सीली हॅरिस यांनी न्साला या माणसाचे छायाचित्र काढले. तो बसून आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे पाहतो आहे. रबराचा ठरलेला वाटा गावाने दिला नाही म्हणून रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारले होते. हे आणि असे फोटो मॅजिक लँटर्नने (काचेवरची चित्रे मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याने) पडद्यावर ब्रिटन-अमेरिकेतल्या सभांमधून दाखवले गेले. त्या दबावाचाही वाटा असल्याने १९०८ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला काँगोवरचा खाजगी ताबा सोडावा लागला.

त्या छायाचित्रांनी काम केले, हे नाकारता येत नाही. पण त्या यशाने एक साचाही पक्का केला: पीडित माणूस दिसतो, बोलतो दुसराच, हळहळतो दूरचा प्रेक्षक, आणि मग निधी किंवा कायदा येतो. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे बहुतेक मदतकार्य याच साच्यात चालले. एर्न्स्ट फ्रीडरिश यांनी १९२४ मध्ये जर्मनीत पहिल्या महायुद्धातल्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे युद्धविरोधी प्रचारासाठी छापली. हेतू उदात्त होता. तरी उपचाराची नोंद म्हणून काढलेले चित्र प्रचारासाठी वापरायचे असेल तर त्या सैनिकाला पुन्हा विचारावे लागेल, हा विचार तेव्हा रुळलेला नव्हता. आज प्रत्येक वापरासाठी वेगळी संमती मागतात ती याच कारणाने. इथिओपियाच्या दुष्काळातल्या, नुसती असहायता दाखवणाऱ्या चित्रांवरून वाद झाल्यावर युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी १९८९ मध्ये प्रतिमांबाबत पहिली सामायिक आचारसंहिता स्वीकारली.

दुसरा प्रवाह दक्षिण अमेरिकेतून आला. ३० एप्रिल १९७७ पासून अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या प्लाझा द मायो या चौकात, लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया जमू लागल्या. पुढे त्यांच्या हातात आणि छातीवर ओळखपत्रांतून वा घरच्या अल्बममधून घेतलेले फोटो दिसू लागले. इथे छायाचित्रकार कुणीच नव्हता. चित्र कुठे न्यायचे आणि त्यासोबत काय बोलायचे हे कुटुंबच ठरवत होते. चिलीत हुकूमशाहीच्या काळातच मानसोपचारतज्ज्ञांनी छळ सोसलेल्यांची साक्ष उपचार म्हणून वापरली. १९८३ मध्ये त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली, तीही टोपणनावांनी. आपबीती टेपवर ध्वनिमुद्रित करायची, उतरवून काढायची, सांगणाऱ्यासोबत वाचून दुरुस्त करायची आणि तयार झालेला दस्तऐवज त्याच्या हाती द्यायचा. ही पद्धत डेन्मार्कमधल्या निर्वासितांपर्यंत पोहोचली. २००८ मध्ये डेन्मार्कच्या तज्ज्ञांनी वाराणसीतल्या मानवाधिकार कार्यकर्त्यांसोबत ती चार बैठकींच्या रूपात वापरली. तिथे साक्ष लोकांसमोर वाचून त्या व्यक्तीचा सन्मान करायचा हा भाग जोडला गेला.

सांगण्याने बरे वाटते, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायचे, ही डिब्रीफिंगची पद्धत १९८० च्या दशकात फार पसरली. नंतरच्या चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींमध्ये त्रास वाढल्याचेच दिसले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे सांगितले. सुरुवातीच्या दिवसांत शरीर अजून धोक्याच्या अवस्थेत असते. आठवण जागी होते, पण शांत व्हायला वेळ मिळत नाही.

याउलट नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपीचा, म्हणजे आयुष्याची कथा सांगत आघाताला सामोरे जाण्याच्या उपचाराचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. युगांडात आश्रय घेतलेल्या ४३ सुदानी निर्वासितांचे तीन गट केले होते. चार बैठकींत आयुष्याची कथा क्रमाने सांगणाऱ्या गटात वर्षभरानंतर २९ टक्के लोकांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) उरला होता. नुसता आधार देणाऱ्या समुपदेशनाच्या गटात हे प्रमाण ७९ टक्के होते, आणि फक्त माहिती दिलेल्यांत ८० टक्के. प्रयोग लहान होता, पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी दोरी जमिनीवर अंथरून जन्मापासूनचा जीवनपट मांडतात. चांगल्या प्रसंगी फूल, वाईट प्रसंगी दगड. मग एकेक दगड सावकाश, क्रमाने सांगितला जातो. बैठक साधारण ९० ते १२० मिनिटांची असते, कारण भीती चढल्यावर ती उतरेपर्यंत थांबावे लागते. छायाचित्रांच्या कार्यशाळा नेमक्या इथेच चुकतात. पाऊण तासाचे सत्र, खोलीत प्रशिक्षित कुणी नाही, माणूस रडू लागला की सगळे घाबरून चहाची सुट्टी घेतात. आठवण उघडली जाते आणि उघडीच राहते.

कॅमेराच वाचलेल्यांच्या हाती देण्याची कल्पना वेगळ्या कामातून आली. कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले. त्या कल्पनेचेच पुढे फोटोव्हॉइस झाले, म्हणजे लोकांनी स्वतः फोटो काढून त्यांवर गटात बोलण्याची पद्धत. उद्देश आरोग्यधोरण बदलण्याचा होता, उपचाराचा नव्हे. हे विसरल्याने आजही गोंधळ होतो. फोटोव्हॉइसने पीटीएसडीची लक्षणे कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. त्याची खरी ताकद गटात सापडलेल्या सोबतीत आणि अधिकाऱ्यांसमोर बोलण्याच्या संधीत आहे. तेवढेच वचन द्यावे.

ग्वातेमालात ३६ वर्षांचे यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले. त्यानंतर चाहूल गावच्या इशिल माया या आदिवासी समाजाच्या स्त्रियांनी ब्रिंटन लाइक्स या मानसशास्त्रज्ञाच्या सोबतीने गावोगाव फिरून छायाचित्रे काढली, चित्रातल्या माणसांच्या हकिकती घेतल्या, गटात त्यांचा अर्थ लावला आणि २००० मध्ये पुस्तक काढले. त्याच वर्षी, नरसंहार सोसलेल्या रवांडात गिसेन्यीच्या एका अनाथाश्रमातल्या मुलांना एकदाच वापरायचे कॅमेरे दिले गेले. मुलांनी मित्र, बागा आणि रोजचे जगणे टिपले. कार्यशाळेत ‘तुमच्यावर झालेला हल्ला दाखवा’ असा विषय देणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. काय टिपायचे नाही हे ठरवणे हाही हक्कच आहे.

फोटोव्हॉइसचा गट ७ ते १० जणांचा बरा. पहिल्या बैठकीत कॅमेरा काढायचाच नाही. धोके, संमती आणि कुणाला टिपू नये यावरच बोलायचे. मग काढलेल्या चित्रांतून प्रत्येकाने दोन-तीन निवडायची आणि पाच प्रश्नांवर बोलायचे: इथे काय दिसते, खरे काय घडते आहे, त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असे का आहे, आणि आपण काय करू शकतो. हिंसेतून वाचलेल्यांच्या गटात चौथा प्रश्न जपून विचारावा. ‘हे का झाले’ याचे उत्तर अनेकांच्या मनात ‘माझ्यामुळे’ असे तयार असते. प्रश्न रस्त्यावर, दवाखान्यावर, कायद्यावर वळवला की तो दोष डोक्यावरून उतरतो.

संमतीचा सर्वांत जळजळीत धडा बांगलादेशातला आहे. १९७१ च्या युद्धात बलात्कार सोसलेल्या कुष्टियातल्या तीन स्त्रियांना २६ मार्च १९९२ रोजी ढाक्यातल्या गण-अदालतीत, म्हणजे युद्धगुन्ह्यांसाठी भरवलेल्या प्रतीकात्मक लोकन्यायालयात, आणले गेले. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले आणि गावी परतल्यावर त्यांना टोमणे आणि अवहेलना सोसावी लागली. त्यांना तिथे नेणाऱ्यांचा हेतू न्यायाचाच होता. मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी यांच्या संशोधनातून ही हकीकत पुढे आली, आणि त्याच्या आधारे २०१९ मध्ये साक्ष घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे चित्रकथेच्या रूपात आली. संघर्षातल्या लैंगिक हिंसेच्या नोंदींसाठी २०२२ मध्ये मुराद संहिता, म्हणजे वाचलेल्यांकडून माहिती कशी घ्यावी याची आचारसंहिता, आली. त्याआधी क्लस्टर बॉम्बविरोधी (एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या अस्त्रांविरुद्धच्या) करारात (२००८) पीडितांच्या व्याख्येत कुटुंब आणि समाजही धरले गेले होते, म्हणजे एका चित्राचा परिणाम किती जणांवर होतो हे कायद्यालाही मान्य आहे.

प्रत्यक्ष कामात संमती तीनदा लागते: सहभागासाठी, चित्रात येणाऱ्या दुसऱ्या माणसाची, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक चित्रासाठी. तिसरी संमती चित्र काढल्याच्या दिवशी घेऊ नये. काही दिवस जाऊ द्यावेत, आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, हल्लेखोराने हे पाहिले तर काय होईल हे मोठ्याने बोलून घ्यावे. ‘केव्हाही मागे घ्या’ असे सांगताना खरे सांगावे: प्रदर्शनातून चित्र उतरवता येते, इंटरनेटवरून नाही.

ओळख लपवायची असेल तर ते शटर दाबण्याआधी ठरवावे. हात, पाठ, वस्तू, रिकामी जागा टिपावी. नंतर चेहरा धूसर केला तरी अंगठी, व्रण, भिंतीचा रंग ओळखीच्यांना पुरतो. संगणकावर चेहरा भोवऱ्यासारखा मुरगाळून लपवलेली चित्रे पूर्ववत करता येतात, हे २००७ मध्ये जर्मन पोलिसांनी एका गुन्हेगाराच्या बाबतीत दाखवून दिले. घट्ट काळा पट्टा लावावा आणि चित्र एकाच थरात जतन करावे, नाहीतर पट्टा उचलता येतो. मोबाइल फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहितो. चॅटवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ते तसेच राहतात.

खटला चालू असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर कार्यशाळेतली कथा आणि पुराव्याची साक्ष वेगळी ठेवावी. तारीख वा क्रम थोडा बदलला तरी बचावपक्षाचा वकील तो विसंगती म्हणून मांडतो, आणि कार्यशाळेची नोंद न्यायालय मागवू शकते. म्हणून पहिल्या बैठकीआधीच त्या व्यक्तीच्या वकिलाशी बोलून काय ध्वनिमुद्रित करायचे आणि काय मुळीच नाही, हे लेखी ठरवून घ्यावे.