डब्यातला माल खरा दिसावा म्हणून
मॉडेल रेल्वेच्या मालडब्यांत भरायच्या नकली मालाची पाकिटे आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात आलेले गिऱ्हाईक सहसा आधी रंग विचारते. लोहखनिजाचा लाल कोणता, कोळसा किती काळा. रंगाचे नंतर बघू. डब्यात माल किती उंच भरायचा हे त्याच्या वजनावर ठरते. तिथे गडबड झाली की रंग कितीही चांगला असो, डबा खेळण्यातलाच दिसतो.

आपल्या मालगाडीचा बॉक्सएन हा वरून उघडा डबा घ्या. आतून लांबी 9,784 मिमी, रुंदी 2,950 आणि उंची 1,950, म्हणजे जागा सुमारे 56 घनमीटर. मूळ क्षमता मात्र 58 टनांची. कोळसा घनमीटरला टनाच्याही आत भरतो, त्यामुळे डबा काठोकाठ भरून वर थोडी रास येते. लोहखनिज घनमीटरला दोन टनांच्या वरच. निम्मा डबा भरायच्या आतच वजन पुरे होते. म्हणून पादचारी पुलावरून खाली पाहिले तर खनिजाचा डबा अर्धा रिकामाच वाटतो, आणि बाजूने पाहिले तर माल दिसतही नाही.

एचओ या मॉडेलच्या मापात (1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे) हाच डबा आतून साधारण 112 मिमी लांब, 34 रुंद आणि 22 खोल होतो. खनिजाची उंची तळापासून 9 ते 11 मिमी ठेवा. कोळशाची रास काठाच्या वर 4 मिमी पुरे. बाजारात मिळणारे, डब्यात बसवायचे नकली मालाचे तयार तुकडे सगळे एकाच उंचीचे, काठाच्या वर फुगलेले असतात. खनिजाच्या नावाने विकला जाणारा तसा तुकडा खऱ्या डब्यात कुणी भरला तर स्प्रिंगा बसतील.

राशीचा आकारही मनाने ठरवू नका. सुटा माल साधारण 35 अंशांच्या उतारावर थांबतो, त्याहून उभा राहत नाही. लोडरच्या बादलीने भरलेल्या डब्यात दोन-तीन वेगळे ढिगारे दिसतात आणि मधे खोलगट जागा राहते. वरच्या कोठीतून सोडलेला माल लांब, सलग कण्यासारखा पडतो. एका रेकमध्ये, म्हणजे गाडीच्या डब्यांच्या रांगेत, सगळे डबे हुबेहूब सारखे नकोत, म्हणून आम्ही पाकिटात आकार मुद्दाम वेगवेगळे घालतो. त्याची तक्रार कृपया करू नये.

आता दिशा. कर्नाटकातून गोव्यात उतरणारा कॅसलरॉक ते कुळे हा घाट 1:37 चा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर चढाचा, आणि आपल्या भागातल्या बहुतेक हौशी लोकांना तोच करायचा असतो. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याकडे जातो, म्हणजे भरलेली गाडी घाट चढते. खनिजाची भरलेली गाडी निर्यातीसाठी बंदराकडे घाट उतरायची. 2010 मध्ये कर्नाटकाने लोहखनिजाच्या निर्यातीला बंदी घातली. त्यामुळे तुमचा देखावा त्याआधीचा की नंतरचा, हे ठरवूनच खनिजाची मागणी द्या. गाडी एकीकडे भरून आणि दुसरीकडे रिकामी दाखवायची तर माल सुटा निघालाच पाहिजे. डब्यात चिकटवलेला माल आम्ही करून देत नाही.

घरी करायचा असेल तर असा करा. डब्याच्या आतल्या मापाहून चारी बाजूंनी अर्धा मिमी कमी असा थर्मोकोलचा किंवा जाड फोमचा तुकडा कापा. खालून लोखंडी वॉशर बसवा, म्हणजे वरून चुंबक धरून माल अलगद उचलता येतो. वॉशर चिकटवायला रबरी सोल्यूशन वापरू नका, ते थर्मोकोल खाऊन टाकते. साधा फेविकॉल चालतो. मग सँडपेपरने ढिगाऱ्यांचे उतार घासा, वर काळा किंवा तपकिरी रंग द्या (पांढरा थर्मोकोल कुठूनतरी डोकावतोच) आणि फेविकॉल लावून पूड पसरा.

पुडीचा दाणा ही दुसरी मोठी गोष्ट. 3 मिमीचा खडा एचओ मापात 26 सेंमीचा धोंडा होतो. कोळशासाठी लोहाराकडचा खरा कोळसा कापडात बांधून कुटा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. जो खाली पडेल तोच वापरायचा. खनिजाला मैद्याची चाळण लावा. विटेची भुकटी फार नारिंगी दिसते. होस्पेटकडचे खनिज जांभळट तपकिरी असते, त्याला काव आणि चिमूटभर काजळी बरी. खरे खनिज वापरायचा मोह झाला तर आधी त्यावरून चुंबक फिरवा. काही कण चिकटले तर ती पूड बाद. ते कण इंजिनाच्या मोटारीत शिरले की दुरुस्तीचा खर्च मालापेक्षा कितीतरी जास्त.

पूड बसली की एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय पाण्याचे गोळे होतात आणि पूड सरकते. हे काम डब्याच्या बाहेरच करा. डब्यात ओतलेला फेविकॉल वाळताना आकसतो आणि प्लॅस्टिकच्या पातळ भिंती आत ओढतो. आणि पावसाळ्यात बेळगावात काय वाळते ते तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर चार दिवस धीर धरा, नाहीतर दिव्याखाली ठेवा. हेअर ड्रायरने पूड उडते.

वजनाबद्दल दोन शब्द. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे बॉक्सएनएवढ्या एचओ डब्याचे एकूण वजन सुमारे 90 ग्रॅम असावे. डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर माल घालून तोला. घाटाच्या चढावर वीस-पंचवीस डबे ओढायचे असतील तर जास्तीचे वॉशर काढून टाका.

लाकूड ज्यांना हवे त्यांनी जुना मीटर गेजचा काळ धरावा. दांडेलीचे सागवान अळणावरला येऊन पुढे जायचे. मिरज-लोंढा मार्ग ब्रॉडगेज झाला तो 1990 च्या दशकात. पाच मीटरचा ओंडका एचओत 57 मिमी भरतो. त्याला घाणेरीच्या सरळ वाळक्या काड्या आम्हाला सर्वांत आवडतात, साल बारीक असते. टोके हॅक्सॉ ब्लेडने कापा, सुरीने कापले की चेपतात. कापलेले टोक सालीपेक्षा फिकट ठेवा. काड्या तव्यावर मंद आचेवर भाजून घ्या, म्हणजे भुंगा लागत नाही.

पोलादाच्या गुंडाळ्यांचेही वजनाचेच गणित. एक गुंडाळी एकोणीस टनांची धरली तर डब्यात तीनच बसतात, आठ-दहा रचू नका. राखाडी कागदाची पट्टी पेन्सिलीवर घट्ट गुंडाळून 16-17 मिमी जाड करा.

साखरेचे पुष्कळजण विचारतात, साहजिक आहे, रायबाग-उगारकडची मंडळी बरीच येतात. साखर बंद डब्यातून जाते, आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. पैसे वाचवा. धक्क्यावर पोती दाखवायची असतील तर एम-सीलची करा, 10 मिमी लांब. खऱ्या धान्याची किंवा साखरेची मुळीच नकोत, मुंग्या येतात.

मागणी देताना डब्याची कंपनी सांगण्यापेक्षा आतले माप आणा, तीन ठिकाणी मोजलेले, कारण भिंती मधे वाकलेल्या असतात. जमल्यास डबाच घेऊन या. एका पाकिटात पाच डब्यांचा माल आणि उचलायची चुंबकाची काठी येते. काठी इंजिनापासून आणि घड्याळापासून लांब ठेवावी.